तळाशी बसलेलं औषध

मेहकरात शालिग्राम कंपाउंडरला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या घरी चहाला जाणारा माणूसही नव्हता. ह्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा येतात असं ज्याला वाटेल, त्यानं तालुक्याच्या गावी तीस वर्षं लोकांना सुया टोचून पाहाव्यात. रस्त्यात तो दिसला की पोरं दंडावर हात ठेवून पळायची. मोठी माणसं पळायची नाहीत, पण त्यांनाही अचानक काहीतरी काम आठवायचं.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी तो सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाला. राज्य नवं आलं अन् मले जुना करून गेलं, असं तो म्हणायचा. बायको त्याच्या आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत रुखमाबाईंच्या घरात त्यानं एक खोली भाड्यानं घेतली होती. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि कातडी बॅग. बॅग मात्र रोज तेलाचा हात फिरवून चकचकीत ठेवलेली.

त्या बॅगेला दिवसातून दोनदा काम होतं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला तो अन्नपूर्णाबाईंना सुई द्यायला जायचा. बाई कन्याशाळेत शिकवून पेन्शनीत निघालेल्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. साखरेचा आजार जडला तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, इन्सुलिन सुरू होतं. बाटली कोपऱ्यातल्या माठात, ओल्या वाळूत ठेवलेली असे. शालिग्राम पिचकारी उकळायचा, बाटली उजेडाकडे धरून डोळा बारीक करून पाहायचा. औषध झऱ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ हवं. जरा गढूळ दिसलं की फेकायचं, हा दवाखान्यातल्या थोरल्या डॉक्टरांनी लावलेला नेम होता आणि तीस वर्षांत त्यानं तो एकदाही मोडला नव्हता.

सुई टोचायला वेळ कितीसा लागतो? खरी गोष्ट त्याच्या पुढची होती. हे औषध अंगात गेलं की लगेच कामाला लागायचं. अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं नाही तर माणसाला घाम फुटतो, भोवळ येते. म्हणून सुई दिली की बाई जेवेपर्यंत कंपाउंडरनं बसून राहायचं, असं पहिल्याच आठवड्यात ठरलं. कुणी ठरवलं ते दोघांनाही आठवत नव्हतं. तो उंबऱ्याजवळच्या पाटावर बसायचा, दार सताड उघडं, बॅग रस्त्यावरून दिसेल अशी दारात. बाई भाकरी टाकता टाकता बोलायच्या. शाळेतल्या पोरी, जुनी वर्तमानपत्रं, कुणाचं कुठं लग्न जमलं. मग चहा. बाईंचा चहा बिनसाखरेचा, आणि पहिल्या दिवशी त्यानं भिडेपोटी "मलेबी तसाच चालते" म्हटलं, ते सहा वर्षं चाललं. खरं तर शालिग्रामला गोडाचं भयंकर वेड होतं. पण बोलून गेला तो गेला.

हे सगळं चाललं होतं ते बॅगेच्या जिवावर. बॅग हातात असली की तो कंपाउंडर, नसली की परका बाप्या, आणि परक्या बाप्यानं विधवेच्या दारात पाय ठेवायला काय कारण? गावाला हे ठाऊक होतं, त्या दोघांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल कधी कुणी शब्द काढला नाही.

सहाव्या वर्षी नवरात्र बसल्यावर बाईंचा मुलगा भगवंतराव आईला अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून आला. भगवंतराव नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगात नोकरीला होता, माणूस सरळ, आईवर माया करणारा. आईनं नांदुऱ्याला येऊन राहावं म्हणून तो चार वर्षं मागे लागला होता. पण घोडं सुईपाशी अडायचं. तो दिवसभर जिनिंगात, सुनेला सुई पाहूनच चक्कर यायची, आणि नांदुऱ्यात दोन्ही वेळा घरी येऊन बसणारा शालिग्राम कुठून आणायचा?

"आता सुटला प्रश्न," भगवंतराव पिशवीतून दोन खोके काढत म्हणाला. "हे नवं औषध हाय, कंपाउंडरकाका. सकाळी एक डाव टोचलं का दिवसभराची चिंता मिटली. डॉक्टर म्हणे, अंगात गेलं का एकदम सुटत नाही. महादेवाच्या पिंडीवर गळती ठेवतो ना आपण, तसं थेंब थेंब उतरत राह्यते. मी कामाले जायच्या आधी देऊन जाईन. तुमी मले टोचणं शिकवा फक्त."

"संध्याकाळचं?" शालिग्रामनं विचारलं.

"संध्याकाळचं नाहीच. अन् लगेच जेवाची घाईबी नाही. पंधरा दिवस पाहू, लघवीतली साखर कमी झाली तर दिवाळीआधी नेतो मायले. नाही मानवलं तर मंग जुनं हायेच."

शालिग्रामनं भगवंतरावला टोचणं शिकवलं. मोसंबं घेऊन, त्यात पाणी टोचून, अगदी मन लावून शिकवलं. मुलगा हुशार निघाला. मग तो नांदुऱ्याला परत गेला आणि पंधरा दिवस बाईंना सुई द्यायचं काम शालिग्रामकडे राहिलं, दिवसातून एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नवी बाटली माठातून काढून उजेडाकडे धरली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. औषध पांढुरकं, गढूळ. तळाशी साका बसलेला, वर जरा स्वच्छ पाणी.

"हे कसं काय?" तो म्हणाला. "प्रवासात ढवळलं वाटते. एवढ्या लांबून मोटारीनं धक्के खात आलं, काय होईल दुसरं."

बाई चुलीपाशी होत्या. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुमाले जास्त समजते," त्या म्हणाल्या.

आता पुरात पैनगंगेचं पाणी गढूळ होतं तेव्हा मेहकरची माणसं काय करतात? तुरटी फिरवतात, घागर हलवत नाहीत, आणि सकाळी वरचं निवळ पाणी हलकेच काढून घेतात. शालिग्रामनं तेच केलं. बाटली वाळूत हलू दिली नाही. ती उलटी न करता, उभी धरूनच लांब सुई वरच्या वर बुडवली आणि तळाला धक्का न लावता स्वच्छ पाणी तेवढं ओढून घेतलं. हे सोपं काम नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात असता तर थरथरला असता. सुई देऊन झाल्यावर त्याला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि मग उठावं लागलं, कारण थांबायला कारण नव्हतं. बाईंनी चहाचं विचारलं नाही. त्यानं मागितला नाही.

संध्याकाळी सहा वाजता काय करायचं असतं हे शालिग्राम सहा वर्षांत विसरला होता. पहिल्या दिवशी त्यानं पिचकारी उकळून पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी बॅगेला तेल लावलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. चौथ्या दिवशी तो नुसताच खाटेवर बसला. समोरच्या घरात बायका भांडत होत्या आणि त्याला त्यांचा हेवा वाटला. माणसानं भांडायला तरी घरात दुसरं कुणी असावं.

पाचव्या दिवशी त्यानं बाईंची लघवी तपासली. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. वाढत जाईल तसं हिरवं, पिवळं, आणि फारच असेल तर विटकरी. नळीतलं पाणी उकळलं आणि भाजल्या विटेसारखं झालं.

शालिग्रामला आनंद झाला. लपवून काय उपयोग, झाला. त्याची लाजही लगोलग वाटली, पण आनंद आधी झाला. नवं औषध मानवत नाही, म्हणजे जुनं परत येणार, म्हणजे संध्याकाळचे सहा परत येणार. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं त्याला वाटलं.

बाई मात्र उतरत चालल्या. ओठ सुकलेले, रात्री दहादा पाण्याला उठणं, पायात गोळे. "थकवा आहे जरा," एवढंच त्या म्हणत. सातव्या दिवशी रंग विटकरी. नवव्या दिवशी विटकरी. बाटलीतलं वरचं पाणी संपत आलं होतं आणि सुई आता तळाच्या पांढऱ्या थराला टेकायला लागली होती.

त्याच दिवशी दुपारी रुखमाबाईंकडे दिवाळीचा चुना चालला होता. कडूबा नावाचा म्हातारा गडी भिंती रंगवत होता. प्रत्येक वेळी कुंचा बुडवायच्या आधी तो काठीनं बादली ढवळायचा. एकदा काठी, एकदा कुंचा, एकदा काठी, एकदा कुंचा. शालिग्रामला काही उद्योग नव्हता, म्हणून तो त्याची मस्करी करायला लागला.

"काऊन घुसळून राह्यला बे? लोणी काढतो काय? जरा थिरू दे तिले."

कडूबानं मान वर केली नाही. "थिरलं का चुना खाली बसते, भाऊ. मंग वरच्या पाण्यानं दहा हात मारले तरी भित कोरडीची कोरडी. अन् शेवटी बुडाशी जो गोळा राह्यते, तो लावला का पोपडे धरते."

शालिग्राम हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही.

तो खोलीत येऊन खाटेवर बसला. तीस वर्षं त्यानं स्वतःच्या हातानं मिक्श्चरच्या बाटल्यांवर कागद चिकटवले होते: हलवून घ्यावे. हजारो कागद. औषध खाली बसतं, हे त्याच्याइतकं मेहकरात कुणाला ठाऊक होतं? पण ते पिण्याचं औषध. टोचायचं औषध निवळ हवं, हा थोरल्या डॉक्टरांचा नेम, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसा तो नेम त्याच्या हातात राहिला होता. गळतीसारखं थेंब थेंब उतरणारं औषध म्हणजे तो पांढरा साकाच होता. तो विरघळत नाही म्हणून तर हळूहळू सुटतो. नऊ दिवस त्यानं बाईंना पाणी टोचलं होतं. आणि उद्या सुई तळाशी जाणार होती. नऊ दिवसांचं न दिलेलं औषध तिथं गोळा होऊन बसलं होतं. ते एका पिचकारीत आलं असतं तर बाई जेवायलाही उठल्या नसत्या.

पण मन मोठं चावट असतं. ते लगेच म्हणालं, बाटली फेकून दे की. औषध मानवलं नाही म्हण. रंग विटकरी आहे, भगवंतरावला खोटंही सांगावं लागणार नाही. जुनं औषध सुरू झालं की बाई आठवड्यात सुधारतील. कुणाचं काही नुकसान नाही, आणि बाई मेहकरातच राहतील. शालिग्रामनं ह्यात खोट शोधून पाहिली. खोट एकच होती, की हे सगळं त्याला फार सोयीचं होतं. शिवाय गेले चार दिवस बाईंचे सुकलेले ओठ पाहून तो मनात खूष होत होता. हे आठवलं तेव्हा त्याला बसवेना.

तो बॅग न घेताच निघाला. अन्नपूर्णाबाईंच्या दारात आल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. दुपार टळली होती. बाई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारी पाण्याचा तांब्या.

"बॅग कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"राह्यली." तो अंगणातच उभा राहिला. "मास्तरीणबाई, माझ्या हातून मोठी चूक झाली. मी तुमाले नऊ दिवस नुसतं पाणी देऊन राह्यलो. औषध खाली बसलं व्हतं. ते ढवळून घ्याचं असते. मी निवळ काढत बसलो."

बाईंनी तांब्यातून घोटभर पाणी घेतलं.

"औषधाचा काही दोष नाही," तो पुढं म्हणाला. हे सगळ्यात जड होतं. "दुसऱ्या बाटलीनं उद्या नीट देतो. चार दिवसांत साखर उतरन. तुमी दिवाळीले नांदुऱ्याले जासान."

"हलवाची नाही ती बाटली," बाई म्हणाल्या. "हलवली का फेस येते, मंग माप चुकते. दोन तळहातात धराची अन् अशी फिरवाची." त्यांनी हात जुळवले आणि तळहात एकमेकांवर हलके चोळून दाखवले, वातीला पीळ द्यावा तसे. "डॉक्टरनं मलेच करून दाखवलं. भगवंता तवा औषध आणाले दुकानात गेल्ता."

शालिग्राम त्यांच्या हातांकडे पाहत राहिला. सांगितलेलं डोक्यात शिरायला त्याला वेळ लागला.

"मंग पह्यल्या दिवशी काऊन नाही बोलल्या?"

"तुमी निवळ काढत होते. काढू दिलं."

"जीव गेला असता तुमचा."

"हाव." बाईंनी तांब्या उगाच सरकवला. "काय सांगू लेकाले, कंपाउंडर? त्याचं काही चुकते काय? सून दोन जिवाची हाय, मायेनं बोलावते. म्हणू काय त्याले, का मले नाही यायचं, मले इथं सांजच्या सहाले कुणासंगं तरी बिनसाखरेचा चा प्यायचा असते? हे कुण्या तोंडानं म्हणते माणूस?"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. गाडीवानानं अंगणात उभ्या शालिग्रामकडे वळून पाहिलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि पुढं गेला. शालिग्रामला खूप बोलावंसं वाटलं. मी विटकरी रंग पाहून हसलो, हेही सांगावंसं वाटलं. पण आयुष्यभर त्यानं लोकांना "हात सैल सोडा" ह्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं.

"मलेबी तेच पाह्यजे व्हतं," तो शेवटी म्हणाला.

"ठाऊक हाय," बाई म्हणाल्या. "तरी तुमी सांगाले आले."

"उद्या सातले येतो. बॅग घेऊन."

सकाळी त्यानं तळाशी साका उरलेली ती बाटली त्यांच्या देखत उकिरड्यात फोडली. दुसरी काढून दोन्ही तळहातात धरली आणि फिरवली. पांढरा थर तळाहून उठला, धुरासारखा वर चढला आणि सारी बाटली दुधासारखी झाली. त्यानं ती लागते त्याहून जास्त वेळ फिरवली. बाई पाहत होत्या.

तीन दिवसांनी नळीतला रंग हिरवा आला. सहाव्या दिवशी निळा आला, कोवळ्या जवसाच्या फुलासारखा. बाईंच्या ओठांवर ओल आली. बाई गल्लीतल्या बायकांशी पूर्वीसारख्या बोलायला लागल्या, ट्रंक काढून लुगड्यांच्या घड्या घालायला लागल्या. शालिग्राम रोज सकाळी यायचा, सुई द्यायचा आणि जायचा. चहा त्या दोघांनी पुन्हा घेतला नाही. घेतला असता तर जाणं अवघड झालं असतं, आणि जायचं तर ठरलं होतं.

वसुबारसेच्या दिवशी भगवंतराव आला. शालिग्राम बसस्टँडवर पोचवायला गेला, बॅग हातात धरून. भगवंतरावनं ट्रंक टपावर चढवली, बाईंना खिडकीशी बसवलं आणि औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून एका गाडग्यात घालून त्यांच्या मांडीवर दिली. "काका, लय उपकार झाले तुमचे," असं म्हणून तो शालिग्रामच्या पाया पडला. पोरगा खरंच चांगला होता. राग धरावा तर कुणावर?

गाडीत आणि गाडीखाली पन्नास माणसं होती. कुणी कुणाला काय बोलणार? ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तशा बाईंनी गाडगं मांडीत घट्ट धरलं, आणि मग सोडून दोन्ही हात वर घेतले. तळहात जुळवले. बघणाऱ्याला वाटावं की बाई राम राम करताहेत. पण हात जुळवून त्या थांबल्या नाहीत, ते एकमेकांवर हळूहळू फिरवत राहिल्या, फेस येऊ नये इतके हळू. शालिग्रामनं बॅग खाली धुळीत ठेवली. त्यानंही तळहात जुळवले आणि तसेच फिरवले. कंडक्टरनं घंटी दिली.

गाडी वळणाआड गेली तरी तो हात चोळत उभा होता. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं हाक मारली, "काय कंपाउंडरभाऊ, थंडी वाजून राह्यली काय?"

"हाव," शालिग्राम म्हणाला.

चहावाल्यानं न विचारता कप पुढं केला. भरपूर साखर घातलेला, आलं ठेचलेला, सहा वर्षांत त्यानं चाखला नव्हता तसला. शालिग्रामनं एक घोट घेतला. बाकीचा तसाच ठेवून त्यानं बॅग उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि तो खोलीकडे निघाला.